तिकीट देणारं यंत्र आणि बिनतिकीट बोकारे साहेब

ज्या कामात लोकांना 'हो' म्हणायचं असतं, त्या कामाच्या आठवणी फारशा उरत नाहीत. खिडकीतून हवं ते मिळालं की माणूस निघून जातो आणि विसरतो. 'नाही' मात्र तो घरी घेऊन जातो, जेवताना घरच्यांना ऐकवतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात थोडी भर घालून परत आणतो. मी उमेदीची काही वर्षं अशा एका यंत्राच्या सोबतीने काढली, ज्याचं मुख्य काम 'नाही' म्हणणं हेच होतं. त्यामुळे माझ्याकडचा साठा मोठा आहे. त्यातलं जे मी स्वतः पाहिलं तेवढंच सांगते, ऐकीव वगळते.

आधी यंत्राची ओळख करून देते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. नागपुरात सदर भागाच्या पुढे, खाणी आणि भूगर्भ यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत, वेगवेगळ्या विभागांतले संगणक नुकतेच एका केबलने जोडले गेले होते. जोडल्याबरोबर एक अडचण उघडी पडली. एका विभागात बसून दुसऱ्याचा संगणक वापरायचा, तर पासवर्ड त्या केबलवरून जसाच्या तसा धावे. वाटेत कुणी कान लावून बसला, तर त्याला तो आयता मिळे. परदेशातल्या एका विद्यापीठाने यावर तोडगा काढला होता आणि त्याविषयीच्या निबंधाची झेरॉक्स आमच्या संगणक केंद्राचे प्रमुख दाणी सर एका परिषदेतून घेऊन आले होते.

तोडगा असा. एक यंत्र कुलपाच्या खोलीत ठेवायचं आणि सगळ्यांचे पासवर्ड फक्त त्याच्यापाशी असायचे. सकाळी आपण त्याला आपलं नाव सांगायचं. ते दिवसभराचं एक तिकीट तयार करतं, ते आपल्या पासवर्डने कुलूपबंद करतं आणि पाठवून देतं. आपण आपल्या जागी पासवर्ड टाइप करून ते कुलूप उघडायचं. उघडलं, तर आपण आपणच. मग दर वेळी ते तिकीट यंत्राला दाखवून हव्या त्या विभागाचं जोडतिकीट घ्यावं आणि तिथे जावं. संध्याकाळी ते आपोआप बाद. पासवर्ड केबलवरून कधीच जात नाही. सगळी खुबी या एका वाक्यात आहे.

निबंध वाचून प्रत्यक्ष प्रोग्राम लिहायला, बसवायला आणि चालवायला दाणी सरांनी मला घेतलं. नेमणूक एका वर्षाची, हंगामी. संचालकांनी अट घातली होती: मार्चअखेर सगळे विभाग तिकिटावर आले तर यंत्र राहील आणि मॅडमही राहतील, एक जरी विभाग बाहेर राहिला तर जुनी पद्धत पुन्हा सुरू आणि मॅडमना निरोप. धरमपेठेतल्या आमच्या घरात तेव्हा नोकरी करणारी मी एकटीच होते. त्यामुळे ही अट मला मुद्दाम पाठ करावी लागली नाही.

*

पहिल्याच बैठकीत मी फळ्यावर आकृती काढून सगळं समजावलं. विभागप्रमुख शांतपणे ऐकत होते. शांतता ही संमती असते असा माझा तेव्हा समज होता.

मागच्या खुर्चीतून बोकारे साहेब उठले. ते भूगर्भ विभागाचे प्रमुख. विदर्भातल्या शेतांत, नाल्यांत आणि खाणींत भोकं पाडून काढलेल्या मातीच्या आणि दगडांच्या नोंदी हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आणि त्या नोंदी आता त्यांच्या विभागाच्या संगणकावर होत्या.

"मॅडम, मले एक सांगा," ते म्हणाले. "किल्ल्या सगळ्यांच्या, पेटी एक. अन् पेटी तुमच्या खोलीत."

"होय."

"मग त्या पेटीवर भरोसा काहून ठेवाचा?"

दाणी सर घाईने म्हणाले, "साहेब, मॅडम विद्यापीठात पहिल्या आलेल्या आहेत."

"मी मॅडमबद्दल नाही विचारून राहिलो, सर. पेटीबद्दल विचारून राहिलो."

प्रश्न रास्त होता. मी पुन्हा फळ्याकडे वळले आणि फळा भरेपर्यंत उत्तर दिलं. त्यांनी एकही शब्द न गाळता ऐकलं.

"समजलं," ते म्हणाले. "पन पटलं नाही. पटलं की येतो."

बाहेर आल्यावर दाणी सरांनी माझी समजूत काढली. "मनाला लावून घेऊ नका. बोकारे साहेबांना एकदा पटलं, की मग ते कुणाच्या सांगण्यावरून हलत नाहीत."

"आणि पटेपर्यंत?"

दाणी सरांनी थोडा विचार केला. "पटेपर्यंतही हलत नाहीत."

*

मे महिन्यात त्या कुलपाच्या खोलीचा एसी बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज मी पांडेजींकडे दिला. पांडेजी आमचे प्रशासकीय अधिकारी. जन्म नागपुरातल्याच इतवारीतला, मराठी उत्तम समजे. पण तोंडातून शब्द निघे तो हिंदीच.

"मॅडम, मेकॅनिक का तो भरोसा नहीं," ते म्हणाले. "लेकिन आप चिंता मत कीजिए. मैं कुछ करता हूँ."

त्यांनी जे केलं, ते मी जेवून परत आल्यावर पाहिलं. खोलीच्या खिडकीत पत्र्याचा एक भला मोठा कूलर बसला होता. नवी खस लावलेली, टाकी काठोकाठ भरलेली आणि पंखा पूर्ण वेगात. खोलीत सुरेख सुगंध सुटला होता. यंत्राच्या अंगावर पाण्याचे बारीक थेंब जमले होते.

मी धावत जाऊन वीज बंद केली. तत्क्षणी तिकिटं बंद झाली. आणि जे तिकिटावर आले होते त्या सगळ्यांचं काम जागच्या जागी थांबलं.

दाणी सर आले. "म्हणजे एक यंत्र बंद केलं की सगळे बंद?"

"होय सर."

"हे निबंधात लिहिलंय?"

"लिहिलंय. म्हणूनच जोडीला दुसरं यंत्र ठेवावं, असंही लिहिलंय."

"मग आपण का नाही ठेवलं?"

"आपल्याकडे दुसरं नाही, सर."

संध्याकाळी शिपायाने एक संगणक आणून माझ्या टेबलावर ठेवला. तो दाणी सरांच्या स्वतःच्या टेबलावरचा होता. पुढचं सबंध वर्ष ते सगळी टिपणं हाताने लिहीत होते.

टंकलेखन विभागाच्या रामटेकेबाई दारातून डोकावल्या. मी टॉवेलने यंत्र पुसत होते. त्या रोज कामठीहून बसने येत, वयाने मला बऱ्याच वडील होत्या, आणि कुठल्याही प्रसंगी बोलायला त्यांना परवानगी लागत नसे.

"का झालं वं, पोरी?"

"पांडेजींनी कूलर लावला."

"बरोबर हाय. लू लागू नये म्हणून मानसाले आंघोळ घालतेत. त्याईनं मशीनले घातली."

एवढ्यात पांडेजी स्वतः आले, चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. "क्या हुआ मॅडम? बेचारी को सर्दी हो गई?"

मी त्या दिवशी त्यांना बरंच काही सुनावलं. तो कूलर त्यांच्या स्वतःच्या खोलीतला होता आणि मे महिन्याचे उरलेले दिवस त्यांनी हातपंख्यावर काढले, हे मला जूनमध्ये कळलं. मी आभार मानायला गेले, तर ते म्हणाले, "छोड़िए मॅडम. मशीन अच्छी है ना?"

*

जुलैत प्रशासन विभाग तिकिटावर आणला. पहिल्याच सकाळी तिथल्या प्रत्येकाला यंत्राने नकार दिला. भूगर्भ विभाग सोडून बाकी सगळीकडे व्यवस्थित चाललं होतं. फक्त प्रशासनात 'तिकीट अमान्य'.

मी माझा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून तपासला. मग पुन्हा तपासला. कुलूपबंद करण्याच्या पद्धतीत दोष असावा, या संशयाने कागदावर सगळं गणित मांडून पाहिलं. गणित बरोबर होतं. केबल तपासली. तीही बरोबर होती. अखेर चहाचा कप घेऊन प्रशासनाच्या हॉलमध्ये सुन्न उभी असताना नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिथून माझ्या मनगटाकडे. दोघांमध्ये दहा मिनिटांचं अंतर होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिकिटावर ते दिल्याची वेळ लिहिलेली असते. घेणाऱ्या संगणकाचं घड्याळ पाच मिनिटांहून अधिक पुढे-मागे असेल, तर कुणीतरी दुसऱ्याचं जुनं तिकीट पुन्हा चालवतोय असं समजून ते नाकारलं जातं. आणि संगणकाचं घड्याळ त्या काळी जो यंत्र सुरू करी तो हाताने लावी. समोरच्या भिंतीकडे पाहून.

"पांडेजी, हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"जी."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मैंने ही किया है. अनुशासन के लिए. लोग समय पर आएँ, इसलिए."

"आणि हे लोकांना माहीत आहे?"

"सबको मालूम है."

हे सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. हॉलमध्ये शिरताना प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करी आणि कामाला लागे. वजाबाकी येत नव्हती ती फक्त यंत्राला.

मी प्रत्येक संगणक माझ्या यंत्राकडून वेळ घेईल अशी सोय केली. नकार थांबले. पण आता प्रत्येकाच्या पडद्यावर खरी वेळ दिसू लागली, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, की भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ज्यांच्या नावापुढे 'उशिरा' असा शेरा पडे, ते खरं तर वर्षानुवर्षं वेळेवरच येत होते.

कर्मचारी संघटनेचे लोक हार घेऊन आले. तो यंत्राला घालायचा होता. मी खोलीत येऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी तो दाराच्या कुलपाला घातला.

पांडेजी आले, हाराकडे पाहून म्हणाले, "मॅडम, आपकी मशीन मेरे दस मिनट खा गई." मात्र त्याच दुपारी ते स्वतः स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांनी स्वतःच्या हाताने मागे केलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळा प्रशासन विभाग दहा मिनिटं उशिरा येऊ लागला. वजाबाकीची सवय कुणाची सुटली नव्हती.

*

एक छोटासा प्रसंग. पांडेजी दौऱ्यावरून परतले आणि स्वतःचा पासवर्ड साफ विसरले. ते थेट माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, मुझे देखिए."

मी पाहिलं.

"मैं कौन हूँ?"

"पांडेजी."

"पक्का?"

"पक्कं."

"तो अब मशीन को बोल दीजिए."

"पांडेजी, मशीन माझं ऐकत नाही."

त्यांनी माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. "मेरी भी कोई नहीं सुनता, मॅडम," असं म्हणून ते खुर्चीत बसले. मी त्यांचा जुना पासवर्ड पुसला आणि ते नवा टाइप करत असताना पाठ फिरवली.

*

खंडेनवमीला मी रजेवर होते. सकाळी ऑफिसचा शिपाई सायकल हाणत धरमपेठेत आला. "दानी सरांनं बलावलं. सगळं बंद पडलं."

मी पोचले तेव्हा कुलपाची खोली उघडी होती आणि आत उदबत्तीचा धूर होता. यंत्राला कुंकू लावलेलं होतं, वर झेंडू आणि आंब्याची पानं. जोडीच्या यंत्रालाही तेच. समोर पांडेजी, हातात आरतीचं ताट; मागे रामटेकेबाई आणि आणखी चारपाच जण. एका कोपऱ्यात दाणी सर, अपराधी चेहऱ्याने. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे.

दोन्ही यंत्रांचे दिवे विझलेले होते.

"हे बंद कुणी केलं?"

"मैंने," पांडेजी म्हणाले. "आज औज़ारों की पूजा है, मॅडम. आज के दिन औज़ार से काम नहीं लेते. लोहार भी भट्ठी ठंडी रखता है."

मी सरांकडे पाहिलं. "मी म्हटलं, पूजेपुरतं एकच बंद करा," ते पुटपुटले. "तर म्हणाले, एकाला सुट्टी आणि एकाला नाही, हा अन्याय होईल."

यंत्र पुन्हा सुरू करताना एक मुख्य पासवर्ड हाताने द्यावा लागे. तो फक्त सरांना आणि मला माहीत होता. आणि सरांना, त्यांच्याच शब्दांत, धुरात काही आठवत नव्हतं. मी म्हटलं, सगळ्यांनी बाहेर जावं.

"आरती के बीच में?" पांडेजींनी विचारलं. ताटातली निरांजनं तेवत होती. ती घेऊन व्हरांड्यातल्या वाऱ्यात गेलं, तर विझणार.

मार्ग दाणी सरांनी काढला. "सगळे जण भिंतीकडे तोंड करा."

आणि पांडेजींसकट सगळ्यांनी ते केलं. आरतीचं ताट भिंतीला ओवाळल्यासारखं दिसत होतं. मी मुख्य पासवर्ड टाइप केला, दिवे लागले, तिकिटं सुरू झाली. त्या सबंध वेळात एकानेही मान वळवली नाही. माझ्या स्वभावाला सहसा न झेपणारा असा विश्वास मला त्या पाठींविषयी वाटला.

रामटेकेबाई भिंतीशीच बोलत होत्या. "सगळं आयुष्य गेलं, देवाले पाठ दाखवाची वेळ आज पयल्यांदा आली. अन् दाखवली बी कोनाले, तर ज्याची पूजा करून राहिलो त्यालेच."

*

रामटेकेबाईंचा आणि माझा एक वाद वर्षभर चालला. त्या जेवायला उठत तेव्हा संगणक तसाच सुरू ठेवत आणि खुर्चीवर रुमाल टाकून जात. कामठीच्या बसमध्ये जागा धरायची ती पद्धत.

"बाई, तुमचं तिकीट उघडं आहे. तुमच्या खुर्चीत बसून कुणीही तुमच्या नावाने काम करू शकेल."

"कोन बसन?"

"कुणीही."

"अवं, रुमाल हाय ना."

"रुमाल म्हणजे कुलूप नव्हे."

"कुलूप तोडनारे मी पायले हायेत. रुमाल उचलनारा नाही पायला."

मी पुराव्याशिवाय बोलत नाही. समोरच्या खोलीच्या दारात उभी राहून मी एक आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत त्या खुर्चीवर पाळत ठेवली. लोक आले, घुटमळले, रुमाल पाहून निघून गेले. एक दिवस संचालकांचे कुणी बाहेरगावचे पाहुणे आले. खोलीत रिकामी अशी तेवढी एकच खुर्ची होती. ते रुमालाशेजारी उभे राहिले आणि रामटेकेबाई परत येईपर्यंत उभेच राहिले.

आठवड्याअखेरी त्यांनी विचारलं, "सापडला का चोर?"

"नाही."

"मंग?"

"तरीही मी तुमच्या संगणकाला आपोआप कुलूप लागेल अशी सोय करणार आहे."

"कर ना बापा. तुही नोकरी हाय ते." त्यांनी रुमाल झटकून पदराला खोचला. "पन पयले मले सांग, बोकारे साहेबानं तिकीट घेतलं का?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी डब्यातली भाकरी अर्धी मोडली आणि माझ्या हातावर ठेवली. त्यानंतर मार्चपर्यंत त्यांचा डबा रोज दोघींचा असे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

*

आता बोकारे साहेबांविषयी. मी शंका घेणाऱ्यांच्या जातीची असल्यामुळे माझ्याहून पक्का शंकेखोर भेटला की मला आनंद व्हायला हवा. त्या वर्षी तो होत नव्हता. इतर सगळे विभाग तिकिटावर आले होते. भूगर्भ तेवढा उरला होता. मी जाऊन विचारायची आणि ते म्हणायचे, "पटून राहिलं हळूहळू."

फेब्रुवारीत एकदा तेच आले. "मॅडम, तुमचा प्रोग्राम मले द्या. सगळा. वाचाचा हाय."

दाणी सर दचकले. विरोधकाच्या हाती सगळा प्रोग्राम द्यायचा? मी म्हटलं, "सर, कुणी वाचल्यामुळे जी पद्धत मोडते, ती मोडलेलीच बरी. सुरक्षितता प्रोग्राम लपवण्यात नाही, किल्ल्या लपवण्यात आहे." वाक्य छान होतं. घरी गेल्यावर मात्र झोप लागली नाही.

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात संचालक निर्णयासाठी बसले. बोकारे साहेबांनी त्यांना सुचवलं, "साहेब, तुमीच माह्या खोलीतून तिकीट घेऊन दाखवा. माह्या मशीनवर. मंग मी काय ते सांगतो."

आम्ही सगळे त्यांच्या खोलीत जमलो. संचालक, दाणी सर, पांडेजी, मी. आणि काहीही कारण नसताना रामटेकेबाई. भिंतीलगतच्या मांडणीत दगडांचे नमुने ओळीने मांडलेले होते. संचालकांनी नाव टाइप केलं. यंत्राकडून उत्तर आलं. त्यांनी पासवर्ड टाइप केला.

'पासवर्ड चुकीचा.'

त्यांनी चष्मा नीट केला आणि सावकाश, एकेक कळ दाबत, पुन्हा टाइप केला.

'पासवर्ड चुकीचा.'

"मला माझा पासवर्ड आठवत नाही, असं हिचं म्हणणं आहे का?" संचालकांनी विचारलं. हिचं म्हणजे यंत्राचं. पण पाहिलं त्यांनी माझ्याकडे.

मी धावत माझ्या खोलीत गेले. यंत्र सुरू होतं. घड्याळ बरोबर होतं. इतर विभागांना तिकिटं मिळत होती. परत आले तेव्हा संचालकांनी आणखी एकदा प्रयत्न केला होता, आणि आता ते खुर्ची मागे सारून उठत होते.

"दाणी," ते म्हणाले, "तुम्ही आणि मॅडमनी मेहनत केली, हे मी नाकारत नाही. पण मी स्वतः बसलो आणि तीनदा नाही म्हणाली. मला वाटतं, आपण जुन्या पद्धतीवर जाऊ."

रामटेकेबाईंचा हात माझ्या पाठीवर आला. मी दगडांकडे पाहत राहिले.

"साहेब, बसा जरा," बोकारे साहेब म्हणाले.

ते कोपऱ्यात गेले. तिथे कापडाने झाकलेलं काहीतरी होतं. कापड काढलं तर खाली आणखी एक संगणक. सुरू होता.

"माह्या खोलीची केबल मॅडमच्या यंत्राकडे जाऊनच नाही राहिली," ते म्हणाले. "सकाळी मी ती काढली अन् इथं जोडली. याच्यात मॅडमचाच प्रोग्राम हाय. नाव बी तेच ठेवलं. फक्त किल्ल्या नाहीत. त्या त्याईनं नाही देल्या, अन् मी नाही मांगितल्या. म्हनजे हा चोर हाय, साहेब. तुमी मघापासून चोराले तिकीट मांगून राहिले होते."

पांडेजी त्या संगणकापासून दोन पावलं मागे सरले.

"त्यानं तिकीट देलं. पन तुमचा पासवर्ड त्याले कुठं ठाव? भलतंच कुलूप लावून देलं, ते तुमच्या पासवर्डनं उघडलं नाही. आता चोराच्या हाती काय लागलं, ते पाहा."

संचालक वाकले. पडद्यावर त्यांचं नाव होतं. तीनदा. आणि काहीही नव्हतं.

"पासवर्ड?"

"आलाच नाही. तीनदा टाइप केला तरी या खोलीच्या केबलवर एक अक्षर उतरलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, पटलं. आमच्या विभागाचं नाव लिहून घ्या."

माझ्या वतीने रामटेकेबाईंनी मान हलवली.

संचालक पुन्हा खुर्चीत बसले होते. "समजलं," ते म्हणाले. "पण बोकारे, एक सांगा. जुन्या पद्धतीत असा चोर बसला असता, तर?"

"बसवला होता ना. मांगच्या वर्षी. तिकिटं सुरू व्हायच्या अगोदर. मॅडम बैठकीत म्हनल्या, पासवर्ड वायरीवरून उघडा जाते, तं म्हटलं पाहून तर घेऊ. तुमी त्या आठवड्यात माह्या खोलीत बसूनच काम केलं होतं, साहेब."

"मग? मिळालं काही?"

बोकारे साहेब टेबलाला वळसा घालून गेले, वाकले आणि संचालकांच्या कानात एक शब्द बोलले.

संचालकांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग गाल. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि परत घातला.

"दाणी," ते म्हणाले, "मॅडमच्या नेमणुकीचा कागद कुठे आहे? आणा. सही करतो."

पांडेजींना राहवलं नाही. "सर, क्या बोले ये?"

उत्तर बोकारे साहेबांनी दिलं.

"तुमचाबी सांगू का, पांडेजी?"

"मैं... मैं सर के लिए पेन लाता हूँ," पांडेजी म्हणाले, आणि दाराबाहेर पडले.